सरव्याचा अर्ज

माझे उभे आयुष्य पोरांना व्याकरण शिकवण्यात गेले, आणि त्यातल्या एका प्रकरणाचा मला इतका तिटकारा आहे की ते आले की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहत असे. धातुसाधित नाम. चालत्याबोलत्या क्रियापदाला एक शेपूट लावायचे आणि त्याला नाम करून खुंटीला टांगायचे. जाणे, येणे, पेरणे, वेचणे. पोरांना हे प्रकरण सोपे जाते. मलाही फार सोपे गेले होते, आणि दुखणे तेच आहे.

मला ते शिकवले आमच्या हेडमास्तरांनी. हे गृहस्थ पुण्याकडचे. अंगाने काटकुळे, पगडी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. अमरावतीच्या इंग्रजी शाळेवर त्यांची नेमणूक झाली होती आणि ती आपल्याला कुठल्या तरी जुन्या पापाबद्दल झाली आहे, अशी त्यांची खात्री होती. ते कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इकडे वऱ्हाडात, ज्यांना अमेरिका पूर्वेला की पश्चिमेला हेही सांगता आले नसते, ते लोक मिशांना पीळ देऊन हिंडत होते. शाळेवरून दिवसभर कापसाच्या गाड्या जात. रुई उडून खिडकीतून आत येई आणि नेमकी मास्तरांच्या पगडीवर बसे. ते ती दोन बोटांत धरून, नाक मुरडून बाहेर टाकत. पोरांच्या तोंडून 'मले' किंवा 'तुले' असा शब्द आला तरी त्यांचे तोंड अगदी तसेच होई.

धातुसाधित नामावर त्यांची फार भक्ती. इंग्रजीत क्रियापदाला 'इंग' लावला की नाम झाले, हे सांगताना त्यांचे डोळे मिटत. आमच्या पुस्तकात उदाहरण होते की स्केटिंग ही गोष्ट आनंददायक आहे. स्केटिंग म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी 'गोठलेल्या पाण्यावरून घसरणे' असे सांगितले, आणि ज्यांनी उन्हाळ्यात नदीला धड वाहतानाही पाहिले नव्हते अशी अकोल्या-मूर्तिजापूरकडची पोरे एका सुरात ओरडली की गोठलेल्या पाण्यावरून घसरणे आनंददायक आहे. परीक्षेला साहेब आला, त्याने ते ऐकले आणि शाळेला चांगला शेरा दिला.

"खेडवळ माणूस म्हणतो, मी कापूस वेचतो," मास्तर सांगत. "सुशिक्षित माणूस म्हणतो, कापसाचे वेचणे चालू आहे. फरक कळला? पहिल्या वाक्यात घाम आहे. दुसऱ्यात विचार आहे."

मला फरक कळला. मी बावीस वर्षांचा, त्याच शाळेत शिकून तिथेच खालच्या वर्गांचा मास्तर झालेला, शेतकऱ्याचा पोर. घामाचा वास आपल्या बोलण्यातून कसा जाईल, याच एका काळजीत मी असे. मी 'मला' म्हणायला शिकलो. संस्कृतात गमनम्, पठनम् होते तेही शिकलो. निजामाच्या अमलापासून अकोल्याच्या तहसिलीच्या दप्तरात चिकटून राहिलेले एक मुनशी होते, सुटीत त्यांच्याकडून फारसीतले कर्दन आणि रफ्तन उचलले. करणे आणि जाणे. चार भाषांतून एकच गोष्ट मला करता येऊ लागली. काम सांगायचे आणि करणाऱ्याला लपवायचे. तेव्हा मी याला विद्या म्हणत होतो.

त्या वर्षी संक्रांतीला मी गावी गेलो. आमचे गाव अकोल्यापासून दोन कोसांवर. आगगाडी अजून यायची होती. मूर्तिजापूरच्या पुढे नुसता मातीचा भराव पडला होता आणि त्याच्या कडेकडेने आमची बैलगाडी तिसऱ्या दिवशी घरी पोहोचली. थंडी अशी होती की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. पण मी मजेत होतो. माझ्या अंगावर नवी शाल होती, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी मी पुण्याचे मराठी बोलत होतो.

घरी थोरल्या भावाचा थाट काय वर्णावा. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. माणसांच्या अंगाखाली मात्र काही नव्हते. भाव एवढा चढला होता की दादाने घरातल्या गाद्या, उशा, लोड, सगळे उसवून आतला आजोबांच्या काळातला पिवळा कापूससुद्धा बाजारात नेला होता. सारे गाव हेच करत होते. शे-दीडशे एकर पांढऱ्याशुभ्र वावराचे मालक तागाच्या पोत्यांवर झोपत, सकाळी पाठ खाजवत उठत आणि बैलांच्या शेंब्या पुसायला जात. श्रीमंतीने माणसे शेफारतात हे ऐकून होतो. ती इतकी बावळट होतात हे तेव्हा पाहिले. मीही आठ दिवस पोत्यावर झोपलो आणि दादाला अवाक्षर बोललो नाही, तेव्हा मला फार हसायचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. मावशी म्हणजे नात्याची कुणी नव्हे. आईच्या वेळेपासून आमच्या वावरात कापूस वेचणारी ही बाई, वेचणाऱ्या बायांच्या रांगेत सगळ्यांत पुढे असायची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यानंतर ती मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीखाली बसवून वेचायची, आणि रांग संपली की येऊन बघायची. तिने माझ्या मानेवरचे तागाचे वळ पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"पोत्यावर झोपून राहिला का रे बापू? एवढा कापूस अन् तुले उशी नाई?"

मग ओट्याखाली बसून तिने काम सांगितले. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पंधरा दिवस उरले होते. घरात एक घोंगडी, तीही भोके पडलेली. वेचणीच्या मजुरीचा जो कापूस वाट्याला आला तो ज्वारीच्या बदल्यात गेला होता, आणि कापड तर त्या वर्षी गरिबाने नुसते पाहून घ्यावे असे महागले होते. लेकरासाठी एक लहानशी दुलई भरायची होती. जुन्या लुगड्याचा कपडा तिने जपून ठेवला होता. कापूस हवा होता. ओंजळी-दोन ओंजळी नव्हे, टोपलीभर. आणि तो मागण्याची तिला कधी वेळच आली नव्हती, कारण सरवा होता.

सरव्याची आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. शेवटची वेचणी झाली की मालक धुऱ्यावर उभा राहून नारळ फोडतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणतो, "वावर मोकळं केलं." तोंडाने म्हणावे लागते, आणि मालकानेच म्हणावे लागते. त्या क्षणापासून पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, जे काही चुकले-माकले बोंड राहिले असेल ते गावातल्या कुणाही बाईचे. त्याला कुणी भीक म्हणत नाही. वेचणारीही त्याला भीक समजत नाही. गावातल्या निम्म्या दुलया सरव्याच्याच असत.

त्या वर्षी दादा म्हणतच नव्हता. नाही म्हणत नव्हता आणि मोकळेही म्हणत नव्हता. कुणी विचारले की म्हणे, "वेचनी चालूच हाय ना." तीन वेळा झाडून वेचलेल्या वावरात दोन बाया फिरवत ठेवल्या होत्या आणि धुऱ्यावर काठीवाला राखणदार. जे बोंड पूर्वी ढोरांनी खाल्ले असते, तेही आता मुंबईला जायचे होते.

"तू शिकेल हायस," मावशी म्हणाली. "दादा तुयं आयकते. त्याले म्हन, वावर मोकळं कर."

एवढेच करायचे होते. दादा पलीकडच्या गोठ्यात होता. मधे वीस पावले. पण दादाच्या जिवावर मी शिकलो होतो, त्याच्या ताटाला ताट लावून जेवत होतो, आणि हे त्याच्या तोंडावर म्हणायचे होते. मी भ्यालो. त्याला दुसरा शब्द नाही. माझ्या अंगावर शाल होती, ती काढून तिच्या हातात देण्याचेही मला सुचले नाही. मला अर्ज सुचला.

"मावशी, असे तोंडी सांगून होत नसते," मी म्हटले. "हा चालीचा प्रश्न आहे. तहसीलदारसाहेबांना अर्ज करू."

तिला अर्ज म्हणजे काय ते नीट कळले नाही, पण मी इतक्या ठसक्यात बोललो की ती गप्प बसली. मी दौत-लेखणी काढली आणि तासभर घोटून घोटून लिहिले. तो मजकूर मला आजही पाठ आहे. पाठांतर ही आमच्या शाळेची एकच खरी करामत.

"विनंती ऐशी जे, शेवटचे वेचणे झाल्यावर सरवा वेचण्यास मोकळीक असणे, ही या प्रांती पूर्वापार चाल आहे. चालू साली वेचणे संपणे लांबल्याकारणाने वावर मोकळे होणे राहिले आहे. त्यायोगे गरिबांचे सरवा वेचणे अडणे होत आहे. तरी याविषयी योग्य ते करणे व्हावे."

मी तिला ते वाचून दाखवले. वाचताना माझी मान हेडमास्तरांसारखी डोलत होती.

मावशीने कागदावरच्या ओळींवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "अन् मी कुठी हाओ इच्यात?"

"गरिबांचे, असे म्हटले आहे ना."

"अन् तुया दादा?"

मी लेखणी पुसू लागलो.

"वावर का आपल्या मनानं बंद झालं? कोनी तरी केलं ना. थे लिवलंच नाई तू. अन् माह्या लेकीचं लेकरू येनार हाय, दुलई पायजे, थे बी नाई."

"अर्जात असे लिहीत नाहीत, मावशी."

"काहून?"

मला हसू आले. अडाणी माणसाने विद्वानाला विचारले की विद्वानाला येते तसले हसू. मी तिला समजावले की सरकारदरबारी कुणाचे नाव घेऊन बोट दाखवणे असभ्य असते. खरी गोष्ट ही होती की ते बोट माझ्या भावाकडे गेले असते. मी त्याला 'संपणे', 'राहणे' आणि 'अडणे' यांच्या मागे उभा केला होता, आणि त्याच्या मागे स्वतः उभा होतो. तिने बिचारीने हातातली बांगडी शाईत बुडवून कागदाखाली उमटवली. बाया तेव्हा तशीच निशाणी करत.

मी मोर्णा नदी ओलांडून अकोल्याच्या जुन्या शहरातून तहसिलीत गेलो आणि अर्ज दाखल केला. तिथे माझे ते मुनशी बसले होते. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

"अर्जी हो तो ऐसी," ते म्हणाले. "किसी पे उंगली नहीं उठती."

मी त्यांना झुकून सलाम केला. घरी येताना वाटेत आमचे वावर लागले. राखणदाराने मला राम राम घातला. आत पऱ्हाटीवर बोंडे दिसत होती. थोडी होती, पण होती. टोपलीभर सहज निघाली असती. मी हात लावला नाही, कारण प्रकरण आता सरकारकडे गेले होते.

अमरावतीला परतल्यावर मी अर्जाची नक्कल हेडमास्तरांना दाखवली. त्यांनी माझी पाठ थोपटली. "तुझ्या लिहिण्यात आता माती उरली नाही," असे ते म्हणाले, आणि वरच्या वर्गाला तो मजकूर नमुना म्हणून उतरून घ्यायला लावला. पस्तीस पोरांनी, त्यांतली निम्मी शेतकऱ्यांची, 'सरवा वेचणे अडणे होत आहे' हे वळणदार अक्षरात लिहिले. आपल्याही घरी या वर्षी वावर मोकळे झालेले नाही, हे त्यांतल्या एकालाही सुचले नाही. आम्ही त्यांना तसे तयारच केले होते.

महिन्याभराने तहसिलीचे उत्तर माझ्या पत्त्यावर आले. "वेचणे संपणे केव्हा समजणे, याविषयी चौकशी होणे जरूर आहे. चौकशी होण्यावर योग्य तो विचार करण्यात येईल." माझ्यासारखाच कुणी तरी शिकलेला तिथेही बसला होता. मला राग आला नाही. उलट भाषा किती सफाईदार आहे, असेच मनात आले. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

शिमग्याला मी पुन्हा गावी गेलो. वावर रिकामे होते, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या होत्या. मी दादाला सहज विचारावे तसे विचारले, सरव्याचे काय झाले.

दादा ओट्यावर बसला होता. नेहमीची ऐट दिसली नाही. तो जे बोलला ते खाली पाहून बोलला. मी गेल्यावर बाराव्या दिवशी मावशीची लेक बाळंत झाली. मुलगा झाला. त्या आठवड्यात थंडीने तुरीसुद्धा करपल्या. घोंगडीत आई आणि लेकरू दोघे. पाचवी पुजायच्या आदल्या सकाळी लेकरू गार लागले. ते पुरून आल्यावर मावशी तशीच ओल्या लुगड्याने आमच्या धुऱ्यावर आली. दादा तिथे होता, बाया होत्या, राखणदार होता. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "पाटील, तू वावर अडोलं. माह्या लेकीचं लेकरू बिना दुलईचं गेलं."

"मंग?" मी विचारले.

"मंग काय? तेवढ्यातच मोकळं केलं म्या. नारय बी नाई फोडला." दादाने ओट्यावरची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "मले कोनी म्हनलंच नाई रे. एक बी मानूस तोंडावर म्हनलं असतं तं म्या केलं असतं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आजही पुरता ठेवत नाही. शेंब्यांच्या नादात माणूस काय ऐकतो आणि काय नाही, कुणी सांगावे. हावरेपणा त्याचाच होता आणि तो त्याला पुसता येणार नाही. पण मला तेव्हा त्याचे ऐकून घेववले नाही. मी म्हटले, "मी अर्ज केला होता."

"कोनाले?"

"तहसीलदाराला."

दादाने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिले. "वावर का तहसीलदाराचं हाय? तू आठ दिवस इथंच होता. माह्यासंग जेवला. मले काहून नाई म्हनला?"

मावशीचाच प्रश्न, तोच शब्द, काहून. 

मावशीकडे जायचा मला धीर झाला नाही. दोन दिवस मी घरातच बसून राहिलो. अमरावतीला निघायच्या सकाळी गाडी जुंपली तेव्हा तीच आली. काखेत जुन्या लुगड्याची एक लहान, लांबट, शिवून भरलेली वस्तू होती. ती तिने गाडीत माझ्या बाजूला ठेवली.

"सरव्याचा हाय," ती म्हणाली. "वावर मोकळं झालं तवा बाया वेचाले गेल्या, म्या बी गेलो. हात थांबत नाई ना. मंग घरी कापूस पडून होता. तुले उशी नोती."

मला काही तरी म्हणायचे होते. जिभेवर आले ते 'वाईट होणे झाले' अशा जातीचे काही तरी, आणि ते मी गिळले. मी नुसता पाया पडलो. तिने माझ्या मानेवर हात फिरवून तागाचे वळ गेलेत का ते पाहिले, आणि गाडीवानाला म्हणाली की आता ऊन होईल, बैल हाका.

पुढे लढाई संपली, भाव पडला, शेंब्या विकल्या गेल्या. हेडमास्तर बढती घेऊन पुण्याला गेले. मी तेच प्रकरण चाळीस वर्षे शिकवले, कारण ते परीक्षेला येत असे. ती उशी मी वापरली नाही आणि टाकलीही नाही. दुलईच्या मापाची आहे, तान्ह्या लेकराच्या. उशी म्हणून ती जरा लांबच होते.

आता मला वाचणारे हेडमास्तर हयात नाहीत, दादाही नाही, मावशी तर कधीच गेली. तेव्हा तो अर्ज पुन्हा एकदा लिहितो, तिने सांगितला होता तसा. माझ्या भावाने वावर अडवले. मावशीने मला त्याला सांगायला सांगितले. मी सांगितले नाही. तिच्या लेकीचे लेकरू थंडीने मेले.